गेम बनवायला कोणते इंजिन घ्यावे: नाचता येईना, की अंगण खरेच वाकडे?

खेळगडी (धागाकर्ता), इंदूर

इंदुरात आम्ही काही हौशी मंडळी, बहुतेक जण नोकरी किंवा कॉलेज सांभाळून गेम बनवणारे, अधूनमधून रविवारी एकत्र बसतो. नव्याने येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: युनिटी शिकू की अनरिअल, गोडो घेऊ की गेममेकर? (ही सगळी गेम बनवण्याची तयार सॉफ्टवेअर, म्हणजेच 'इंजिने'.) मग दोन तास त्यावर हिरिरीने चर्चा होते, प्रत्येक जण आपापल्या इंजिनाची तरफदारी करतो आणि नवा माणूस आला त्याहून जास्त गोंधळून घरी जातो. म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

माझे म्हणणे असे की हौशी माणसाचा गेम पुरा होतो की अर्धवट पडतो, हे इंजिनावर ठरत नाही. स्टारड्यू व्हॅली २०१६ साली आली. एरिक बॅरन या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षे खपून ती मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या चौकटीवर (गेम लिहिण्याच्या तयार सांगाड्यावर) लिहिली, आणि मायक्रोसॉफ्टने एक्सएनएचे पुढचे काम २०१३ मध्येच थांबवलेले होते. म्हणजे ज्या साधनाला त्याच्या मालकानेच वाऱ्यावर सोडले होते, त्यावर त्याने आपला गेम शांतपणे पुरा केला. अंडरटेल २०१५ साली गेममेकरवर आली. त्या काळी 'हे तर मुलांचे खेळणे' म्हणून गेममेकरला नाक मुरडणारे कमी नव्हते. २०२४ मधली बॅलाट्रो लुआ भाषेत, लव्ह नावाच्या साध्या चौकटीवर लिहिलेली आहे, जिच्यात दृश्य माउसने मांडायला एडिटरसुद्धा मिळत नाही.

कोडच्या सुबकपणाचेही तेच. टेरी कॅव्हना यांच्या २०१० सालच्या एका गाजलेल्या गेमचे नाव इंग्रजी 'व्ही' हे अक्षर सहा वेळा लिहून तयार होते (उच्चार वाचकांवर सोडतो). दहा वर्षे पूर्ण झाल्यावर २०२० च्या जानेवारीत त्यांनी त्या गेमचा कोड खुला केला, तेव्हा आत शेकडो फाटे असलेले एकच अजस्र स्विच विधान ('अमके असेल तर तमके कर' अशी यादी) निघाले. जाणकारांनी कपाळाला हात लावला, परंतु खेळणाऱ्यांना दहा वर्षांत त्याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. हाताला येईल ते इंजिन घ्यावे, एक छोटा गेम शेवटपर्यंत न्यावा, सुरुवातीचा पडदा, आवाज, हार-जीत आणि पुन्हा खेळण्याचे बटण यांसकट, आणि इंजिनाचा विचार त्यानंतर करावा. आपणांस काय वाटते?

आळशी_अभियंता

खेळगडी, उदाहरणे सगळी खरी आहेत, पण ती सगळी तरलेल्यांची आहेत. बुडालेल्यांचे गेम आपल्याला दिसतच नाहीत, त्यामुळे त्यांतले किती जण साधनापायी बुडाले हे या यादीवरून कळायचे नाही. 'अमक्याने त्याही साधनाने केले' यातून एवढेच सिद्ध होते की ते अशक्य नव्हते.

दुसरे म्हणजे, हौशी माणसाकडे वेळ हेच भांडवल असते. पगारी माणूस साधन बदलले तर कंपनीच्या वेळात नवे शिकतो, आपल्याला रात्रीची झोप खर्ची घालावी लागते. आणि साधने मरतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फ्लॅशवर हजारो हौशी लोकांनी गेम बनवले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश प्लेयरचा आधार कायमचा काढून घेतला. आपण म्हणता तो सहा व्हींचा गेमही मुळात फ्लॅशमध्येच होता. २०११ मध्येच तो सी प्लस प्लस भाषेत नव्याने लिहिला गेला म्हणून आज चालतो. बॅरन यांचेही पुढे तेच झाले, २०२१ मध्ये स्टारड्यू व्हॅली एक्सएनएवरून मोनोगेम या दुसऱ्या चौकटीवर हलवावी लागली. तो गेम खपलेला होता म्हणून हलवण्याचा खर्च झेपला.

युनिटीचे प्रकरण तर ताजेच आहे. १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांनी दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले, जगभर गदारोळ झाला, दहा दिवसांत अटी सौम्य झाल्या, पुढच्या महिन्यात मुख्याधिकारी पायउतार झाले आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते शुल्कच मागे घेतले गेले. स्ले द स्पायर या गेमच्या निर्मात्यांनी दुसऱ्या भागाचे काम तोवर युनिटीवर बरेच पुढे नेलेले होते, तरी त्यांनी ते उचलून गोडोवर नेले. गोडो एमआयटी या मुक्त परवान्याखाली खुले आहे, उद्या त्याचे मूळ कर्ते रुसून बसले तरी आपल्या हातातली प्रत कोणी हिरावून घेऊ शकत नाही. ही बाब मला निवडीत फार वजनदार वाटते.

खेळगडी

अभियंतासाहेब, युनिटीचे ते शुल्क वैयक्तिक परवान्यावर लागू व्हायला आधी बारा महिन्यांत दोन लाख डॉलरची कमाई आणि त्यावर दोन लाख इन्स्टॉल व्हावे लागणार होते. अनरिअलला द्यायचे कमाईतले पाच टक्केही एका गेमने दहा लाख डॉलर ओलांडल्यावरच सुरू होतात. आपल्या रविवारच्या मंडळींपैकी ज्या कोणाला ही अडचण येईल, त्याचा मी स्वतः राजवाड्यासमोर सत्कार घडवून आणीन.

मुक्त परवान्याचे म्हणणे मात्र पटते. पण ती तत्त्वाची निवड झाली, गेम पुरा होण्याशी तिचा संबंध थोडा.

जुनापट

नाचता येईना अंगण वाकडे, आणखी काय! मी सध्या अष्टाचंगचे नवे नियम जुळवत आहे. पाट, खडू, चार चिंचोके आणि समोर बसायला तीन भाचरे, एवढ्या साधनांवर. कोणत्या घरात सोंगटी सुरक्षित ठेवली की डाव रटाळ होतो आणि कोणत्या घरात ठेवली की भांडणे होतात, हे मला संगणक चालू न करता एका संध्याकाळी कळते. ज्यांचा गेम पाटावर रंगत नाही त्यांनी इंजिनाच्या गप्पा माराव्यात कशाला?

शब्दवेल

सर्वांना नमस्कार. मी इंजिनांतली जाणकार नाही, मराठी शिकवण्यात आयुष्य गेले आहे. येथील चर्चा वाचून एक वेगळी अडचण मांडावीशी वाटते, कारण ती आपल्यापैकी कोणीच अद्याप काढलेली नाही.

इंदुरातली आपली बहुतेक मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, क्वचित सानंद या संस्थेच्या नाटकाला आईबाबांबरोबर येतात, पण वाचायची वेळ आली की अडखळतात. त्यांच्यासाठी शब्द जुळवण्याचा एक साधा गेम असावा असे माझ्या मनात आले: अक्षरांच्या सोंगट्या विखुरलेल्या, त्या जोडून शब्द करायचा. भाच्याने हौसेने युनिटीवर बनवायला घेतला. चित्रे सुरेख झाली, सोंगट्या टपाटप पडू लागल्या. मग आम्ही शब्द भरले.

'किल्ला' लिहिले तर ऱ्हस्व वेलांटी 'क'ला सोडून पलीकडच्या 'ल'च्या डोक्यावर जाऊन बसली, त्या 'ल'चा पाय मोडला आणि 'ला' वेगळाच उभा राहिला. 'धर्म'मधला रफार 'म'वर चढलाच नाही, 'र' पाय मोडून मध्येच उभा. भाच्याने तीन-चार फाँट बदलले, पण फरक पडला नाही. मुलांना शुद्ध वाचता यावे म्हणून घाट घातलेल्या गेममध्ये पडद्यावरच अशुद्ध दिसू लागले, तर तो गेम न केलेला बरा.

यापुढची गोष्ट अधिक चमत्कारिक. 'क्षितिज' या शब्दाच्या सोंगट्या किती? कोणतेही मूल तीन सांगेल: क्षि, ति, ज. संगणक सात सांगतो.

जुनापट यांना नम्रपणे एवढेच विचारते, की येथे नाचता येत नाही म्हणायचे की अंगण वाकडे आहे म्हणायचे?

बडोदेकर

शब्दवेलताई, येथे अंगण वाकडे आहे, आणि ते का वाकडे आहे हे समजून घेतले तर निवड सोपी होते. मी बडोद्यात मजकुराच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. कंटाळा आल्यास पुढच्या प्रतिसादाकडे जावे.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, आपण मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवतो. 'कि' हे आधी क आणि मग वेलांटी असे साठवले जाते, पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. 'धर्म'मध्ये साठवलेला क्रम ध, र, हलन्त, म असा असतो आणि पडद्यावर त्यातल्या 'र'चा रफार होऊन तो 'म'च्या डोक्यावर जायचा असतो. हा उलटापालट आणि जोडाक्षरांची बांधणी करणारा एक वेगळा टप्पा मजकूर काढण्यापूर्वी व्हावा लागतो. हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी (तयार कोडचा संच) हे काम करते. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड तीच वापरतात. ज्या इंजिनात हा टप्पा नाही, ते साठवलेल्या क्रमानेच एकेक चिन्ह फाँटमधून उचलून शेजारी शेजारी मांडत जाते. इंग्रजीला त्याने काहीच बिघडत नाही, म्हणून इंग्रजीत गेम करणाऱ्या माणसाच्या हे कधी लक्षातच येत नाही. आपल्याकडे 'किल्ला' ढासळतो. फाँट बदलून उपयोग होत नाही, कारण दोष फाँटचा नाहीच.

आता इंजिनानुसार पाहू. युनिटीतले मजकूर दाखवणारे टेक्स्टमेशप्रो, जे जवळजवळ सगळे वापरतात, ते ही बांधणी करत नाही. लोक त्यावर जुगाड करतात: मजकूर कृतिदेवच्या पठडीतल्या जुन्या फाँटच्या संकेतांत बदलून तो दाखवतात. दिसायला ठीक दिसते, पण मग पडद्यावर जे आहे तो मराठी मजकूर उरत नाही, आणि शब्द तपासण्यासाठी खरी प्रत वेगळी बाळगावी लागते. युनिटी ६ च्या पिढीत यूआय टूलकिट या पडद्यावरची बटणे-मजकूर मांडणाऱ्या भागासाठी नवी मजकूर-यंत्रणा येऊ लागली आहे, ती जरूर तपासावी. मात्र जुने धडे आणि व्हिडिओ सगळे टेक्स्टमेशप्रोवरचे आहेत. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीतही हीच रड होती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून त्यांनी मजकुराची यंत्रणा मुळापासून नवी लिहिली आणि तिच्यात हार्फबझ आहे, त्यामुळे देवनागरी नीट दिसते. अनरिअलही हार्फबझ वापरते. फेझरसारख्या ब्राउझरमधल्या चौकटीत मजकूर ब्राउझरच काढतो, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवत नाही, फक्त चित्रांच्या पट्टीतून अक्षरे उचलणारा बिटमॅप फाँट वापरू नये.

सोंगट्यांची गोष्ट निराळी आहे आणि तेथे इंजिनाला दोष देता येणार नाही. 'क्षितिज' म्हणजे क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज अशी सात चिन्हे, आणि बहुतेक भाषांतले लांबी मोजणारे फंक्शन तीच मोजते. ब्राउझरमध्ये शब्दाचे तुकडे करून देणारी सोय आहे, परंतु तिच्या मागचा युनिकोडचा नियम सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीपर्यंत आपली जोडाक्षरे हलन्तापाशी तोडत असे. जुन्या फोनवर क्, षि, ति, ज असे चार तुकडे मिळतील आणि नव्यावर तीन. तेव्हा ते स्वतःच लिहावे, फार तर वीस-पंचवीस ओळींचे काम आहे: हलन्तापुढे व्यंजन आले की जोडत राहायचे, मात्रा, अनुस्वार आणि विसर्ग आधीच्याला चिकटवायचे. हे कोणत्याही इंजिनात सारखेच चालते.

पोहेजलेबी

बडोदेकर काका, हा प्रतिसाद मला मागच्या दिवाळीत मिळायला हवा होता!

मी सराफ्यावर गेम करत आहे. रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद होतात, त्यांच्या ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, आणि आपण एका गाडीवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू विकायचे. गिऱ्हाइके हिंदीत बोलतात आणि मागे भांडी विसळणारी आई मराठीत ओरडते, त्यामुळे सगळा मजकूर देवनागरीतच आहे. इंजिन गोडो ४. माझ्या लॅपटॉपवर सगळे झकास दिसते. तोच गेम ब्राउझरसाठी काढून मित्राला लिंक पाठवली, तर त्याला गिऱ्हाइकांच्या डोक्यावरच्या फुग्यांत नुसते चौकोन दिसले. देवनागरी चालते म्हणता, मग हे काय?

आणि खेळगडी दादा, साधनाने फरक पडत नाही हे माझ्या लॅपटॉपला कोणीतरी सांगा. जेल रोडवरून घेतलेला जुना आहे, रॅम ४ जीबी. अनरिअल ५ साठी त्याची कंपनी एपिक स्वतः ३२ जीबी सुचवते. युनिटी उघडायला टाकून मी खाली जाऊन पोहे खाऊन येत असे, आणि परत येईपर्यंत ते उघडतच असे. गोडो ही शे-दीडशे एमबीची एकच फाईल, बसवावीही लागत नाही, दोनदा टिचकी मारली की सुरू. माझ्यासाठी निवड तेथेच संपली.

बडोदेकर

चौकोनांचे कारण सोपे आहे. गोडोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. आपल्या लॅपटॉपवर ते इंजिन गुपचूप विंडोजचा देवनागरी फाँट उसना घेते, म्हणून सगळे ठीक वाटते. ब्राउझरमध्ये चालताना त्याला यंत्रावरचे फाँट मिळत नाहीत. नोटो सान्स देवनागरी किंवा एक टाइपचा मुक्ता, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, त्यांतला एक प्रकल्पात घालून सर्व मजकुराला तोच लावावा. फुग्यांतला मजकूर एकेक अक्षर उमटत असेल तर लेबलची (गोडोमध्ये मजकूर दाखवणाऱ्या घटकाची) 'दिसणारी अक्षरे' ही मांडणी बांधणीनंतरची निवडावी, नाहीतर 'क्ष' उमटण्यापूर्वी क्षणभर पाय मोडलेला 'क' दिसत राहतो आणि गिऱ्हाईक तोतरे वाटते.

जुन्या यंत्रासाठी प्रकल्प उघडतानाच कॉम्पॅटिबिलिटी हा रेंडरर (चित्र काढणारा भाग) घ्यावा. तो ओपनजीएल या जुन्या तंत्रावर चालतो, बाकीच्यांना व्हल्कनसारखे नवे तंत्र लागते.

अजून एक, आईच्या वाक्यांना भाषा 'मराठी' आणि गिऱ्हाइकांच्या वाक्यांना 'हिंदी' अशी लेबलवर नोंदवता येते. फाँटमध्ये मराठीची वेगळी वळणे असतील तर आईचा 'ल' आणि 'श' मराठी वळणाचा दिसेल आणि गिऱ्हाइकाचा हिंदी. हे मला फार आवडते. कोणाच्या लक्षात येवो न येवो.

शब्दवेल

कोणाच्या लक्षात येवो न येवो असे कसे? आमच्याकडची मुले शाळेत हिंदी 'ल' गिरवतात आणि आजीच्या पत्रातला 'ल' ओळखत नाहीत. माझ्या दृष्टीने ही चैन नव्हे, गेम करण्याचे अर्धे कारणच ते आहे.

खेळगडी

चर्चा छान वळणावर आली आहे, म्हणून माझे म्हणणे अधिक नेमके करतो. साधनांची तुलना दोन प्रकारांनी होते. एक म्हणजे 'कोणते चांगले' ही. तिला अंत नाही आणि ती मला आजही व्यर्थ वाटते, कारण उड्या मारणारा नायक, पडणाऱ्या सोंगट्या, पत्ते, नकाशे हे सगळ्यांत होते, कशात दहा ओळी जास्त तर कशात कमी. दुसरी म्हणजे 'माझ्या गेमला ज्यावाचून चालणारच नाही ते यात होते का' ही. तिचे उत्तर एका संध्याकाळी मिळते, मात्र ती संध्याकाळ पहिलीच असावी लागते. ताईंच्या भाच्याने चित्रे आणि हालचाली आधी केल्या आणि शब्द शेवटी भरले, आणि आपण सारेच तसे करतो, कारण धडे त्याच क्रमाने शिकवतात. ते धडे लिहिणाऱ्याला मजकूर ही अडचण वाटतच नाही.

म्हणून आमच्या रविवारच्या मंडळींसाठी एक पद्धत सुचवतो. इंजिन उतरवल्यावर उडी मारणारा चौकोन करण्याआधी एक रिकामा पडदा घ्यावा आणि त्यावर 'किल्ला, धर्म, क्षितिज, तऱ्हा' एवढेच लिहावे. मग तो पडदा ज्या रूपात लोकांपर्यंत जाणार आहे त्या रूपात काढून, म्हणजे लिंक असेल तर लिंक आणि अँड्रॉइड असेल तर फाईल, दुसऱ्याच्या साध्या फोनवर उघडून पाहावा. पोहेजलेबीचे चौकोन पहिल्याच दिवशी दिसले असते. हे जमले की त्या इंजिनात राहावे आणि दुसऱ्याच्या इंजिनाची जाहिरात पाहून चळू नये.

चळण्याची दुसरी बाजूही आहे. सेलेस्ट या उड्यांच्या गेमचा पहिला अवतार पिको-८ या काल्पनिक, मुद्दाम तोकड्या ठेवलेल्या गेमयंत्रावर चार दिवसांत झाला. त्या यंत्राचा पडदा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा आणि रंग सोळा, म्हणजे चळायला जागाच नाही. २०१८ चा मोठा गेम पुढे वेगळ्या साधनावर नव्याने लिहिला गेला, पण उडीची ती मजा छोट्या डबीतच सापडली होती. जुनापट यांच्या पाटाचे मोल मी त्याच हिशेबात धरतो.

जुनापट

मान्य. पाटावर 'क्षितिज' लिहिताना खडूने कधी त्रास दिला नाही, एवढे मात्र नमूद करतो.

आळशी_अभियंता

लोकांपर्यंत जाण्याचा मुद्दा निघालाच आहे तर थोडे पुढे सांगतो, कारण इंजिन निवडताना शेवटचे टोक कोणी पाहत नाही. प्ले स्टोअरला खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात, पण नव्या वैयक्तिक खात्याला आता किमान बारा परीक्षकांनी सलग चौदा दिवस चाचणी केल्याशिवाय गेम सर्वांसाठी खुला करता येत नाही. आधी ही संख्या वीस होती. स्टीम या संगणकी गेमच्या दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर पडतात, हजार डॉलरची विक्री झाली तर ते परत मिळतात. इच.आयओ या संकेतस्थळावर काहीच द्यावे लागत नाही, ब्राउझरमधला गेम थेट तेथे चढवता येतो आणि लिंक व्हॉट्सॲपवर धाडता येते. ज्यांचे खेळणारे म्हणजे नातेवाईक, शेजारी आणि शाळेतली मुले, त्यांनी ब्राउझर धरावा असे मला वाटते. त्यात एक मेख आहे: गोडो ४ मध्ये सी शार्प भाषेत लिहिलेला प्रकल्प ब्राउझरसाठी काढता येत नाही, गोडोच्या स्वतःच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत लिहिलेला येतो. युनिटीवरून येणारे लोक ओळखीची म्हणून सी शार्प घेतात आणि शेवटी दारात अडकतात.

आमच्या जुन्या ऑफिसात असेच एकदा झाले होते, पण तो गेम नव्हता, त्यामुळे ते येथे नको.

पोहेजलेबी

फाँट घातला, चौकोन गेले. आईचा 'ल'ही आला! आईला दाखवला, तर ती म्हणाली मी अशी ओरडत नाही.

शब्दवेल

भाच्याशी बोलून आम्ही ब्राउझरचा मार्ग धरायचे ठरवले आहे. गेम लहान आहे, हालचाली थोड्या आहेत, आणि आजी-आजोबांच्या फोनवर काही बसवायला सांगणे म्हणजे एक वेगळेच प्रकरण होते. लिंक उघडणे सर्वांना जमते. अक्षरे तोडण्याचे फंक्शन त्याने बडोदेकरांच्या सांगण्याप्रमाणे लिहिले, 'क्षितिज'च्या तीन सोंगट्या पडतात.

आता एकच अडले आहे. शब्दयादी आम्ही चार-पाच जणांनी मिळून टंकली. त्यात 'तऱ्हा' हा शब्द दोनदा आला आहे, डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण गेम त्यांना वेगळे मानतो आणि मुलाने बरोबर जुळवले तरी कधी कधी चूक दाखवतो. 'सुऱ्या'चेही तेच. यात इंजिन बदलून काही होईल का?

बडोदेकर

नाही ताई, हे इंजिनाच्या हातचे नाही. अर्धा 'र', म्हणजे 'तऱ्हा'तला आडवा, दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त देतात, म्हणजे त, ऱ, हलन्त, ह, काना अशी पाच चिन्हे. काही कळफलक साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देतात, ती सहा होतात. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण चालवले तरी ही दोन रूपे एक होत नाहीत, ते स्वतः करावे लागते. हिंदीत हा आडवा 'र' लागत नसल्यामुळे हिंदी शब्दखेळांच्या कोडमध्ये त्याची तजवीज सापडणार नाही. तेथून कोड उचलला असेल तर हा भाग हमखास राहिलेला असतो.

यादी एकदाच गाळून घ्या: 'र, हलन्त, जोडचिन्ह' जेथे असेल तेथे 'ऱ, हलन्त' करा. आणि मुलाने जुळवलेला शब्द तपासण्यापूर्वीही तीच गाळणी लावा. जोडचिन्ह सरसकट पुसून मात्र टाकू नका, तसे केले तर 'सुऱ्या'चे 'सुर्या' होईल आणि 'आचाऱ्यास'चे 'आचार्यास', म्हणजे स्वयंपाक्याला दिलेली दक्षिणा गुरुजींकडे जाईल.

शब्दवेल

गाळणी लावली. यादीतले अठरापगड 'र' एका रांगेत आले आणि मुलाची चूक नसताना लाल दिवा लागणे थांबले. शब्द वाढवण्याचे काम आता आमच्याकडे आहे. ज्यांना जोडाक्षरांचे चांगले शब्द सुचतील त्यांनी येथेच लिहावेत, मात्र चौथीच्या मुलाला अर्थ कळेल असेच असावेत, 'किंकर्तव्यविमूढ' कोणी पाठवू नये.

जुनापट

चिंचोका. जोडाक्षर नाही, पण मुलांना माहीत असायला हवा.